आर्णीचे शून्य

१४ नोव्हेंबर २०१७, सकाळचे ११.४०. कापूसविक्रीच्या नोंदणीसाठी मी लिहिलेले वेबपान आर्णी केंद्रावर अडकले होते, आणि आमच्याकडे आपोआप नोंदल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत आर्णीचा आकडा शून्य होता.

“मॅडम, लोकं सकाळपासून रांगेत हायेत. तुम्हाले काहून दिसून नाही राह्यलं?” केंद्रचालकाने फोनवर विचारले.

कारण माझ्या वरिष्ठांचा आळस. ब्राउझर एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, चुका यादीत नकोत, म्हणून त्यांनी एक्स्टेंशन असलेल्या संगणकांच्या सर्वच त्रुटी गाळल्या होत्या. आर्णीत तर प्रत्येक संगणकावर मराठी टायपिंगचे एक्स्टेंशन होते.

“पण यादी किती स्वच्छ झाली,” ते म्हणाले.

मी संतापाने त्यांचा नियम पुसून टाकला. एक्स्टेंशनच्याच फाइलमधून आलेली त्रुटी तेवढी गाळावी, असा नियम मी लिहिला. दुपारी एकपर्यंत आर्णीहून आलेल्या, आमच्याच कोडमधल्या त्रुटी: ३७.