बोटीवरचा गवती चहा

मंडळी, डोकं इतकं तापलंय की घरी न जाता थेट दौंडच्या सायबर कॅफेत येऊन बसलोय.

आमच्या गावाजवळ भीमेत वाळू उपसायची बोट असते. तिच्यावरच राहतो बंगालचा दिलीप. ऑइलचे डबे कापून त्यानं बोटीवर पुदिना, मिरच्या, गवती चहा लावलाय. आन् आमची रेश्मा (आमची म्हंजी, तिला अजून विचारलेलं नाही) रोज काठावर थांबून त्या डब्यांचं कौतुक करते. मी कॉलेज सोडलं तवा नुसतं "बरं" म्हणाली होती!

परवा मला म्हणाली, "गवती चहा मागून आणला तर जगत न्हाई. चोरूनच आणावा लागतो."

म्हटलं, आपणच आणू. आज दुपारी बोटीवर चढलो आणि एक ठोंब मुळासकट उपटला. वळून बघतो तर मागं दिलीप!

मी भांडायच्या तयारीतच. "क्या है?"

तो हसला. "ले जाओ भैया. कल रेश्मा भी ले गई."

"चुराके?"

"हां. मैं उधर मुंह करके खडा रहा. देख लेता तो उसका पौधा मर जाता ना."

मंडळी, माझी चोरी मात्र त्यानं डोळे भरून बघितली. तरी माझा हात उठला नाही, याचाच जास्त राग येतोय.

तुम्ही रेश्माच्या जागी असता तर कुणाकडं बघितलं असतं? खरं सांगा. पण माझ्या बाजूनं सांगा.