उंच पोरांची पारख

माणूस भेटला की लोक आधी तोंडाकडे बघतात, मी पायांकडे बघते. खोड वाईट आहे, पण सगळी नोकरी कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? चप्पल मोठी दिसली की नजर आपोआप वर सरकते. गुडघे, लोंबणारे हात, बोटं. संगमनेरच्या एसटी स्टँडवर मी अशी कितीतरी अनोळखी पोरं न्याहाळली. एकदा एकाची आई माझ्यावर खेकसलीच, "काय वो बाई, लेकाला नजर लावता का माझ्या?" आमचे हे म्हणायचे, "तुला काष्टीच्या बैलबाजारात उभी करायला पाहिजे. पोरांचे दात बघायचेच तेवढे बाकी ठेवतेस."

माझी स्वतःची उंची पाच फूट, तीही बुटांसकट. मैदानाच्या कडेला सिमेंटची एक पायरी होती. पोरांना झापायचं असलं की मी तिच्यावर चढायचे. मी पायरीकडे निघाले की अख्खा संघ गप्प व्हायचा.

उंच पोराची पारख म्हणजे टेप लावला आणि झालं, असं लोकांना वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. देवळाली प्रवराचा एक पोरगा आला होता, बागायतदाराच्या घरचा, दुधातुपावर पोसलेला. दारातून आत आला की वर्गात अंधार व्हायचा. मी हरखून गेले. महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले की आता आपला सेंटर मिळाला. बास्केटखाली उभा राहून जो सगळ्यांच्या वरून चेंडू काढतो, तो सेंटर. पण हा गडी दोनदा धावला की गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा आणि मला विचारायचा, "मॅडम, सुट्टी कधी हाय?" दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या आईनं पाठवलेले लाडू मात्र झकास होते.

तेव्हापासून मी पोराबरोबर त्याची आईही बघायला लागले. पोरगा अजून वाढणार का, कष्टाला टिकणार का, याचा अंदाज मला आईकडे बघून यायचा. शास्त्र वगैरे काही नाही, माझा आपला आडाखा.

ज्याच्याबद्दल सांगायचंय, तो मला स्टाफरूममध्ये सापडला. आमचा शिपाई त्याला ट्यूबलाईट बदलायला घेऊन आला होता, कारण शिडी आणायचा त्याला कंटाळा. हा पोरगा एका बाकावर उभा राहून आरामात ट्यूब काढत होता. साडेसहा फुटांच्या वर असेल. पायातली चप्पल टाचेला अपुरी पडत होती. मी म्हटलं, "खाली उतर आणि मैदानावर चल." तो उतरला, दाराकडे निघाला, आणि दाराखालून जाताना चांगला हातभर वाकला. दार त्याच्यापेक्षा उंच होतं.

हे वाकणं पुढे माझ्या डोक्यात गेलं. कुठलंही दार असो, हा वाकणारच. जिन्याखाली वाकायचा, मैदानाच्या जाळीच्या फाटकात वाकायचा, चेंडू वरून आला तरी आधी मान खाली आणि मग हात वर. मी पायरीवर चढून ओरडायचे, "अरे, आभाळ पडतंय का तुझ्यावर?" तो ओशाळून हसायचा.

एका रविवारी मी त्याची आई बघायला गेले. त्याचे आईवडील पाथर्डीकडचे, दर हंगामात ऊसतोडीला आमच्या भागात यायचे. हा हॉस्टेलवर राहायचा आणि रविवारी त्यांच्याबरोबर मोळ्या वाहायचा. फडाच्या कडेला कोप्या होत्या, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपड्या. दार म्हणजे माझ्या छातीएवढं भोक. मी, पाच फुटांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दाराकडे बघून विचारात पडले.

त्यानं हाक मारली तशी आई आतून निघाली. आधी डोकं आलं, मग खांदे, मग ती उभी राहायला लागली. ती उभी राहतेय, उभी राहतेय, आणि माझी मान मागे मागे चाललीये. एवढी उंच बाई मी नगर जिल्ह्यात पाहिली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी चक्क हसले. तिला वाटलं, मी तिलाच हसले. तिनं पदर सावरला आणि खांदे आत ओढून घेतले.

मी घाईघाईनं तिला सांगितलं, की देशात बास्केटबॉलची नवी लीग सुरू होतेय, पगार देऊन खेळाडू घेणार आहेत, कॉलेजातली उंच पोरं शोधतायत आणि निवड नगरला आहे.

"ह्या चेंडूवर प्वाट भरतं व्हय मॅडम?" तिनं विचारलं.

"निवड झाली तर भरेल."

"आन न्हाई झाली तर?" माझ्या उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, "न्हाई झाली तर ह्याचं लगीन उरकायचं हाय. पुढल्या साली ह्याचाबी कोयता हुईल."

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आई वाईट बोलत नव्हती. तिच्या घरात पोरगा मोठा झाला की असंच होत आलं होतं. पण पोरगा मोळी बांधता बांधता थांबला आणि जमिनीकडे बघत राहिला. मला कळलं, की नगरला नुसती खेळाची निवड होणार नव्हती.

नगरला जिल्हाभरातली उंच पोरं जमली होती. इतकी उंच माणसं एका जागी बघून मी लग्नघरात आल्यासारखी खुशीत होते. निवड करायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते, जुने खेळाडू, बोलायला तुटक. आधी उंची मोजली. भिंतीला पाठ लावायची आणि वरून लाकडी पट्टी डोक्यावर सरकत येणार. पट्टी खाली यायला लागली आणि आमच्या पठ्ठ्यानं मान घातली खाली. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. सगळे हसले. शेवटी मी त्याची हनुवटी धरावी म्हणून पुढे झाले, तर माझा हात पुरेना. मग आणखीच हसले.

खेळातही तेच. चेंडू बोर्डावर आपटून खाली आला की याची मान आधी आत जायची आणि चेंडू दुसराच घेऊन जायचा. पुण्याचे गृहस्थ माझ्याकडे आले. "हात लांब आहेत, पाय हलके आहेत. पण मॅडम, पोरगा भितो. भिणारा सेंटर घेऊन मी काय करू?"

माझं डोकं सणकलं. तिथे पायरी नव्हती, म्हणून मी बाकावर चढले. "भीती नाही ती, लहानपणापासूनची सवय आहे. कोपीत राहून बघा चार महिने, तुम्हीपण वाकाल!"

ते शांतपणे म्हणाले, "सवय असो की भीती, मैदानावर दोन्ही सारखंच दिसतं."

त्यांचं बरोबर होतं. मी बाकावरून उतरले. मग म्हटलं, "एकदाच त्याला बास्केटकडे पाठ करून उभा करा. वर बघायचं कामच ठेवू नका." ते नाइलाजानं हो म्हणाले.

मी पोराला बाजूला घेतलं. "मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतोस ना? मागून धक्का बसला तर काय करतोस?"

"गुडघ्यात बसतो मॅडम. ताठ ऱ्हायलं तर मानूस पडतोय."

"मग ती फळीच आहे असं समज."

त्याच्या मागे एक दांडगा गडी उभा केला, दंड माझ्या मांडीएवढे. त्यानं धक्का दिला. आमचा पोरगा गुडघ्यात बसला आणि जागचा हलला नाही. त्या गड्यानं खांदा लावला, मग सगळं अंग टाकलं. काही नाही. चेंडू हातात आला तसा हा तसाच वाकलेला गर्रकन वळला, उठला आणि चेंडू बास्केटमध्ये घालून आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. ज्या वाकण्यापायी मी घसा फोडून घेतला होता, त्यावरच आमचा पोरगा पहाडासारखा उभा होता. पुण्याच्या गृहस्थांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायची विसरले.

संध्याकाळी त्याचं नाव पुकारलं, सगळ्यात शेवटी. तो माझ्याजवळ आला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, म्हंजी आता कोयता न्हाई ना?" मी नाही म्हणाले. एवढा मोठा पोरगा मैदानाच्या कडेला बसून ढसाढसा रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

लीग काही हंगाम चालली आणि बंद पडली. तो फार मोठा खेळाडू झाला नाही, बराच वेळ बाकावरच असायचा. पण त्या खेळावर त्याला एका सरकारी खात्याच्या संघात नोकरी लागली. मी निवृत्त झाले. मैदानावरची पायरी नव्या बांधकामात गेली. आता एसटी स्टँडवर उंच पोरगा दिसला की काळजात कळ येते, आणि हाक मारायला जीभ उचलते, पण कुठल्या मैदानावर चल म्हणून सांगू?

परवा त्यानं गावाकडे घर बांधलं म्हणून मुद्दाम बोलावलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा. दारं मात्र राजवाड्याची. गवंड्याशी भांडून त्यानं ती एवढी उंच करून घेतली होती. तो ताठ आत गेला, ताठ बाहेर आला, आणि माझ्याकडे बघून हसला.

आई चहा घेऊन आतून आली. दारापाशी येताच हातभर वाकली. कप हिंदकळला.

"आये, दार उंच हाय आता," तो म्हणाला. "किती येळा सांगू?"

"मला ठावं हाय रं," ती म्हणाली. "मानंला कुटं ठावं हाय?"

चहा देऊन ती परत आत गेली, तशीच वाकून. पण आत गेल्यावर ती उभी राहिली. डोक्यावर छप्पर असताना पूर्ण ताठ उभी असलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.