सासूबाईंचं इमिग्रेशन

म्हैसूरमधल्या आमच्या चामराजपुरमच्या घरात एका उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ चालत होता. धावपट्टी व्हरांड्यात, विमान बैठकीच्या खोलीत आणि इमिग्रेशनचा काउंटर देवघराच्या दाराशी, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांना तिथलीच खुर्ची मानवते. मी शाळेत इतिहास शिकवते आणि स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते, तेव्हा दिग्दर्शन ओघानंच माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाला ते मागायला वेळच दिला नाही, हे वेगळं.

हा सगळा खटाटोप आमच्या लेकीसाठी. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात आम्ही तिला पुट्टी म्हणतो, कन्नडमध्ये ‘छोटी’. पुट्टीला ऑटिझम आहे. तिच्याकडे शब्द थोडे आणि त्यातला लाडका शब्द ‘बेडा’, म्हणजे नको. इडली बेडा, आंघोळ बेडा, आइस्क्रीमसुद्धा आधी बेडा आणि मग दोन. जे आधी पाहिलंय ते तिला चालतं. अचानक काही समोर आलं की ती कान दाबून जमिनीवर बसते, मग तिथून तिला देवसुद्धा उठवू शकत नाही. म्हणून नवीन जागी जायचं तर आधी घरी तालीम. केस कापायची तालीम झाली, दाताच्या डॉक्टरची झाली, तशीच ही परदेशाची.

परदेश कुठला, तर बँकॉक. एका लग्नात नवऱ्याच्या चुलतबहिणीनं मोबाइलवर तिथल्या एका क्लिनिकचा व्हिडिओ दाखवला होता. स्टेम सेलचे उपचार. व्हिडिओतला मुलगा सुरुवातीला भिंतीकडे बघत होता आणि शेवटी केक कापत होता. मधलं सगळं बासरीत बुडालं होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, “ऑटिझमसाठी याला पक्का पुरावा नाही. माझी मुलगी असती तर मी नेली नसती.” मी म्हटलं, “नुसतं विचारून तर येतो.” नुसतं विचारायला कुणी समुद्र ओलांडत नाही, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

नवऱ्याची अडचण वेगळीच. त्यांच्या बँकेत बातमी फुटली तसे सहकारी डोळे मिचकावायला लागले. “बँकॉक? बरं बरं! फॅमिलीला घेऊन? अय्यो पाप!” म्हणजे अरेरे. बिचारे दिवसभर ग्राहकांच्या देखत हे ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या विमानतळावर सुरक्षा अधिकारी व्हायचे. त्यांना एकच वाक्य होतं, “बॅग इकडे ठेवा.” तेही ते प्रॉम्प्टिंगशिवाय म्हणत नसत.

सासूबाईंना मात्र प्रॉम्प्टर लागला नाही. त्यांच्या माहेरचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडे कधीच गेले, पण ती ताठ मान तशीच राहिली. आमच्याकडे सासूला अत्या म्हणतात. मी म्हटलं, “अत्या, तुम्ही इमिग्रेशन ऑफिसर. पासपोर्ट बघायचा, दोन प्रश्न विचारायचे, शिक्का मारायचा, सोडून द्यायचं.”

“सोडायचं की नाही ते मी ठरवीन,” त्या म्हणाल्या. “ऑफिसर मी का तू?”

शिक्का त्यांनीच शोधला. कॉफीच्या छोट्या पेल्याचं बूड कुंकवाच्या पाण्यात टेकवून पुट्टीच्या तळहातावर दाबायचा. लाल गोल उठला की पुट्टी तो नाकाजवळ नेऊन बघायची. वर म्हैसूरपाकाचा एक तुकडा. ही त्यांनी स्वतःच्या अधिकारात घातलेली पदरची भर. मी विरोध केला. “अत्या, खरे ऑफिसर गोड देत नाहीत.”

“म्हणून तर लोक देश सोडून जातात.”

रोज संध्याकाळी प्रयोग लागायचा. पुट्टी पाठीवर दप्तर लावून रांगेत उभी, मागे तिच्या वतीनं उत्तरं द्यायला मी. सासूबाई चष्म्याची डबी टेबलावर ठक ठक आपटायच्या, म्हणजे पुढे या.

“कुठे निघालात?”

“बँकॉक.”

“कशाला?”

“उपचारासाठी.”

ठप्प. म्हैसूरपाक. पुढचा प्रवासी.

पहिल्या आठवड्यात हे असं सुरळीत चाललं. मग ऑफिसरसाहेबांच्या अंगात आलं.

“कसला उपचार?”

“स्टेम सेलचा.”

“त्यानं काय होतं?”

“सुधारणा होते, म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

“अत्या, खरा ऑफिसर एवढं विचारत नाही!”

“खरा ऑफिसर तिची आजी नसतो. बोल. काय झालं म्हणजे झालं म्हणायचं?”

पुट्टी हात पुढे करून उभी होती. शिक्क्याची वेळ टळली होती आणि तिचा दुसरा हात कानाकडे निघाला होता. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि जे तोंडातून गेलं ते मी घरात कुणालाच बोलले नव्हते. म्हटलं, “शाळेतून आल्यावर तिनं मला सांगावं, आज काय झालं. बस, एवढंच. मी रोज विचारते ना.”

रोज विचारायचे मी. दप्तर उतरवताना, चारची कॉफी करताना. आज काय केलंस ग शाळेत? उत्तरादाखल ती माझ्या बांगड्या मोजायची.

सासूबाईंनी शिक्का मारला. त्या दिवशी मलाही म्हैसूरपाक मिळाला.

विमान जमलं, पट्टा बांधणं जमलं, टॉयलेटचा भयंकर आवाज मिक्सरवर जमवला. राहिलं इस्पितळ. तिथं पुट्टीला भूल देऊन पाठीत सुई द्यायची होती. मी नवऱ्याला पांढरा शर्ट घालून डॉक्टर केलं आणि हातात होळीची छोटी पिचकारी दिली. पुट्टीला दिवाणावर पालथं झोपवलं. ती शहाण्यासारखी झोपली, नाटकच ते. नवरा पिचकारी घेऊन उभे. उभेच. मी बाजूनं वाक्य पुरवतेय, “आता दुखणार नाही हं!” ते माझ्याकडे बघताहेत. शेवटी त्यांनी पिचकारी खिडकीत ठेवली आणि मोटारीनं टाकीत पाणी चढलं का बघायला गच्चीवर गेले. सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि उगाचच डबे पुसायला लागल्या. हा प्रवेश आम्ही पुन्हा लावला नाही. मी स्वतःला सांगितलं, तिथले लोक तयारीचे असतील, सांभाळून घेतील.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी म्हैसूरपाकाचा मोठा डबा बॅगेत घातला. “इमिग्रेशनला लागेल,” म्हणाल्या. मी हसले. बंगळूरच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत माझं हसू टिकलं.

तिथे पुट्टी राणीसारखी चालली. ट्रॉलींचा खडखडाट, लाउडस्पीकर, कशाशी देणंघेणं नाही. सगळं पाठ होतं ना तिला. खऱ्या सुरक्षा अधिकाऱ्यानं “बॅग इकडे ठेवा” म्हटलं तेव्हा तिनं आधी वडिलांकडे बघितलं. भूमिका दुसऱ्याला दिली म्हणून ते नाराज तर नाहीत ना, असं काहीसं. मग इमिग्रेशन आलं. भारदस्त मिशांचा अधिकारी. त्यानं पासपोर्टवर शिक्के मारले आणि परत केले. “हूं, जा.”

पुट्टी जाईना. तिनं तळहात काउंटरवर ठेवला.

“एनम्मा इदु?” तो म्हणाला. काय हे बाई?

“सर, हातावर शिक्का हवाय तिला. घरी तसं शिकवलंय.”

“सरकारी शिक्का हातावर मारू?”

“सरकारी नको, कुठलाही चालेल. ऑटिझम आहे हो. शिक्का झाल्याशिवाय ती हलणार नाही, आणि बसली तर मग कुणालाच हलू देणार नाही.”

मागे रांग वाढत होती. पुट्टीचा गुडघा वाकायला लागला होता. अधिकाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आपल्या कागदी कपातली उरलेली कॉफी गटकन संपवली आणि कपाचं ओलं बूड तिच्या हातावर टेकवलं. तपकिरी गोल. पुट्टीनं तो नाकाजवळ नेला आणि हात पुन्हा पुढे केला.

“आता काय?”

मी डबा काढून काउंटरवरून आत सरकवला. तो खुर्चीसकट मागे झाला. “ओ बाई! वर कॅमेरा आहे! काय देताय?”

“तुम्हाला नाही, सर! तुम्ही यातला एक काढून तिला द्यायचा!”

“माझ्या हातानं?”

“ऑफिसरच देतात.”

त्यानं वर कॅमेऱ्याकडे बघून डबा सगळ्या जगाला दिसेल असा उंच धरला, दोन बोटांनी एक तुकडा उचलून पुट्टीला दिला आणि डबा परत केला. “तुपातला दिसतोय,” म्हणाला. त्याचा आवाज एवढा दुःखी होता की मला घरी फोन करून सांगावंसं वाटलं.

बँकॉकला तर समाईक भाषाच नव्हती. तिथल्या अधिकारी बाईंसमोर मी आणि नवऱ्यांनी मूकनाट्य केलं. मी सासूबाई, ते पुट्टी. लाजाळू माणूस, पण परक्या देशात भर रांगेपुढे हात पसरून त्यांनी तोंड असं केविलवाणं केलं की बाई खुदकन हसल्या आणि हात धुवायच्या द्रवाच्या बाटलीचं बूड त्यांनी आधी नवऱ्याच्याच हातावर उठवलं, मग पुट्टीच्या.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक. गार, स्वच्छ, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. डॉक्टर साठीचे, मऊ आवाजाचे, इंग्रजी चांगलं. टेबलामागे बसले होते आणि टेबलावर चष्म्याची डबी होती.

“आपली अपेक्षा काय आहे?” त्यांनी विचारलं.

मी पाठ केलेलं भाषण केलं. संवाद, सामाजिक विकास, वगैरे. मग माझ्या तोंडून माझ्या सासूबाई बोलल्या. “डॉक्टर, काय झालं म्हणजे झालं म्हणायचं?”

ते म्हणाले, “काही पालक बदल दिसला असं सांगतात. तो यानं झाला की मूल मोठं झालं म्हणून, ते मी छातीठोक सांगू शकत नाही.”

“आणि हे नाही केलं, तर तिचं काही बिघडेल?”

“नाही. यावाचून नाही.”

“भूल आणि सुई?”

“त्यात थोडा धोका असतोच. तो मी लपवणार नाही.”

एवढं प्रामाणिक उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. केक कापणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे होता. चारची कॉफी होती, बांगड्या होत्या. माझ्या तोंडात ‘करू या’ तयार होतं, खरंच होतं. इतक्यात पुट्टीनं टेबलावर तळहात ठेवला. टेबलामागचा माणूस, प्रश्न झाले, आता शिक्का. डॉक्टरांना वाटलं ती हात मिळवतेय. त्यांनी तिचा हात हातात घेतला. ती वाट बघत राहिली, त्यांच्या हातातून आपला हात सोडवून तिनं तळवा उलटसुलट पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. आता पुढे काय, असं विचारत असल्यासारखी.



नवरा एरवी डॉक्टरांसमोर खाकरतसुद्धा नाहीत. ते मराठीत हळूच म्हणाले, “अग, या प्रवेशाची तालीम झाली नाही.”

मला एकदम गच्चीवर गेलेले ते दिसले, डबे पुसणाऱ्या सासूबाई दिसल्या. आमच्या तिघांपैकी एकालाही जमलं नव्हतं ते आम्ही तिच्या एकटीवर टाकायला निघालो होतो.

“मग पडदा पाडा,” मी म्हटलं.

डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की आम्ही करणार नाही. त्यांनी मान डोलावली. मी पर्समधून कुंकू काढलं, त्यांचा पाण्याचा पेला मागितला आणि त्याच्या बुडानं शिक्का मीच उठवला. म्हैसूरपाक त्यांनी दिला. एक स्वतःही खाल्ला. परतीच्या तिकिटापर्यंतचे दिवस आम्ही नदीवरच्या बोटीत काढले. पुट्टीनं बोट आधी बेडा म्हटली आणि मग उतरायला तयार होईना.

म्हैसूरला परतलो तशी गल्ली जमली. काय झालं ते आम्ही अजून कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारायलाही थांबलं नाही.

“अय्यो, केवढा फरक पडलाय!”

“डोळ्यांत तेज बघ की!”

“माझ्याकडे बघून हसली, शपथ! आधी कधी हसायची?”

आधीही हसायची. पण मी सज्जन चेहरा करून उभी राहिले. असले फुकटचे प्रेक्षक रोज मिळतात थोडेच! गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बन्नीमंटप भागातली एक ओळखीची बाई मात्र आपल्या नातवासाठी क्लिनिकचा पत्ता मागायला आली, तेव्हा मी नाटक थांबवलं आणि तिला बसवून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण तेज आलंय हो.”

परतल्यावर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी कॉफी ठेवत होते. देवघराच्या दाराशी ठक ठक ऐकू आलं. बाहेर येऊन बघते तो इमिग्रेशनच्या खुर्चीत पुट्टी. नाकावर सासूबाईंचा चष्मा, हातात डबी, समोर पेला आणि कुंकवाचं पाणी. सासूबाई काउंटरच्या अलीकडे, गुडघा धरून, रांगेत.

पुट्टी आजवर खेळात कधी कुणी झाली नव्हती. बाहुलीला तिनं कधी भात भरवला नव्हता. मी पदराला हात पुसत सासूबाईंच्या मागे रांगेत उभी राहिले. सासूबाईंना शिक्का मिळाला. मग ठक ठक. मी पुढे झाले, तळहात ठेवला.

पुट्टीनं चष्म्यावरून बघितलं. “कशाला?”

हुबेहूब सासूबाईंचा आवाज. नुसता ऐकलेला शब्द परत आला असेल, असं तिच्या स्पीच थेरपिस्ट नंतर म्हणाल्या. असेल. शाळेत काय झालं ते ती अजूनही सांगत नाही. पण त्या वेळी प्रश्न तिनं मला विचारला होता आणि इतक्या वर्षांची मी, संवादांची खाण, प्रॉम्प्टर शोधत इकडेतिकडे बघायला लागले.

“बोल की ग!” सासूबाई बाजूनं म्हणाल्या. “ऑफिसर विचारताहेत!”

“सुम्ने,” मी म्हटलं. म्हणजे उगीच, सहज. त्या घटकेला कन्नडच आठवलं.

ऑफिसरांनी विचार केला. मग ठप्प. लाल गोल. मी हात तसाच पुढे ठेवून म्हैसूरपाकाची वाट बघत राहिले. डब्यात एकच तुकडा उरला होता. तो तिनं उचलला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि स्वतः खाल्ला.