वण भरणारे नाना

नाना फोटोवाले फोटो काढताना आकडे मोजत नसत, राम मोजत. भिंगावरची पितळी टोपी काढायची, "राम… राम…" म्हणायचं, टोपी परत बसवायची, की झाला फोटो. चैत्रातल्या उन्हात अर्धा राम पुरे, आभाळ आलेलं असलं की तीन, आणि दुकानात पडद्यापुढं बसवलं तर चांगले लांबवलेले चार. गिऱ्हाईक मुसलमान असलं की तेच माप ते अल्लाच्या नावानं घेत. एकदा खुद्द अव्वल तालुकदार, म्हणजे त्या वेळचे आमच्या जिल्ह्याचे कलेक्टर, तस्वीर काढायला आले. साहेबांना बघून नाना असे बावरले की सवयीनं रामच म्हणून बसले, आणि मध्येच ध्यानात आल्यावर तोंडच बंद पडलं. टोपी बसेपर्यंत साहेबही खांबासारखे उभे. मग म्हणाले, "नाना, तुमारे रामजी आज बहोत देर लगाए!" बरोबर आलेली सगळी कचेरी हसली. फोटो मात्र एक नंबर आला होता.

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून, परभणीच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फोटोसाठी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मंडळींकडं कोट कुठला असायला? म्हणून मी नानांना एक कोट शिवून दिला होता, पुढून साहेबी आणि पाठीमागून सबंध उघडा, नाड्या बांधायचा. कुणाच्याही अंगाला बसायचा. निम्म्या जिल्ह्यातल्या घरांत आजोबा-पणजोबा त्या एकाच कोटात टांगलेले आहेत. कुणी पाठ फिरवून बघू नये म्हणजे झालं!

नानांचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभं असलेलं लाकडी खोकं. त्यामागं काळं कापड, तेही मीच शिवलेलं. कापडात डोकं घातलं की आतल्या दुधी काचेवर समोरचा माणूस उलटा दिसायचा, डोकं खाली आणि पाय वर. मी एकदा डोकावलो आणि मला गरगरलं. नाना म्हणाले, "बरं असतंय उलटं. सुलटा माणूस दिसला की त्याची भीड पडती. उलट्याची कसली भीड?"

पण त्यांची खरी करामत फोटो काढण्यात नव्हती, त्यानंतरच्या कामात होती. त्या काळी घरटी एखाद्याच्या तरी तोंडावर देवीचे वण असायचेच. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा, मग कागदावर. नाना ती काच खिडकीशी तिरपी ठेवायचे, सुईसारखी टोक केलेली पेन्सिल घ्यायचे आणि दातांत जीभ धरून एकेक वण भरत बसायचे. काचेवर सगळं उलट असतं, काळं ते पांढरं. तिथं पेन्सिलीचा ठिपका दिला की कागदावरचा वण नाहीसा. "देवीनं दिलं ते दिलं," नाना म्हणायचे, "पर फोटोत तिची हद्द न्हाई. तितं आपलं राज्य!" लग्नाच्या मुलींचे फोटो तर जिल्हाभरातून त्यांच्याकडं यायचे. एकदा पोखर्णीहून नवऱ्याकडची माणसं तावातावानं आली, की फोटोतली मुलगी निराळी आणि मांडवातली निराळी. नाना शांतपणे म्हणाले, "फोटो उन्हात काढलाय, पाव्हणं. तुमी सावलीत बगितली असंल." माणसं एकमेकांकडं बघत गूळपाणी घेऊन परत गेली.

इतक्या जणींना देखणं करणाऱ्या या माणसाच्या घरात स्वतःच्या बायकोचा एक फोटो नव्हता.

गोदावहिनी उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. आणि तोंडभर वण, अगदी कानाच्या पाळीपर्यंत. नानांनी त्यांचे फोटो काढले नव्हते असं नाही, दर एक-दोन वर्षांनी काढायचे. आणि दर वेळी वण भरायचे. फोटो हातात पडला की वहिनी तो लांब धरून बघायच्या आणि विचारायच्या, "ही कोन सवत आनली घरात?" मग तो चुलीत सारायच्या, मूळ काचही न्यायच्या, सोड्याच्या गरम पाण्यानं घासून लख्ख करायच्या आणि खिडकीच्या चौकटीत बसवून टाकायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराला असा भरपूर उजेड होता.

मी एकदा न राहवून म्हणालो, "वहिनी, अहो, माणूस इतकं मन लावून करतो. एवढ्या का चिडता?"

वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, आमी तिगी भैनी एका अंथरुनावर हुतो. दोगी गेल्या, मी ऱ्हायले. माय माझ्या तोंडावरून हात फिरवायची आन् रडायची, आन् मग हसायची. हे पुसलं की मला वाटतंय, मी बी त्यायच्यासंगं गेले."

हे नानांनी ऐकलं नव्हतं थोडंच! ते मला सांगायचे, "नामदेव, दर खेपेला ठरवतो, आता हात लावायचा न्हाई. काच खिडकीशी ठेवतो, आन् पेन्सिल आपली चालायला लागती. लोकांच्या लेकीसुनांचं करायचं आन् आपल्या बायकोचं तसंच ठिवायचं? मन घेत न्हाई." तिला पसंत पडेल असा तिचा एक फोटो काढायचा, एवढीच त्या माणसाची हौस होती. आणि तेवढंच त्यांना जमत नव्हतं. मला दोघांचाही राग यायचा, खरं सांगतो.

मग तिकडं लढाई पेटली आणि इकडं काचा यायच्या बंद झाल्या. मुंबईत नाहीत, हैदराबादेत नाहीत. दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा नाना हैदराबादला गेले आणि एक लहान कॅमेरा घेऊन आले. मुठीत मावेल असला, आत फिल्मची गुंडाळी. त्याला ना तीन पाय, ना काळं कापड. त्याच्या बारक्या खिडकीला डोळा लावला की माणूस सुलटा दिसायचा. आठ दिवस नाना त्याच्याकडं असे बघत होते की जणू सोयरीक फसली आहे.

पहिली तक्रार गिऱ्हाइकांची. "कापड कुटाय? बिनकापडाचा फोटू असतोय व्हय?" दुसरी तक्रार खुद्द नानांची. फिल्मवरचं तोंड वालाच्या दाण्याएवढं. "पेन्सिल कुटं टेकवू, नामदेव? एक ठिपका दिला की आख्खा गाल बुजायलाय!" वण होते तसेच फोटोत येऊ लागले. मुलींचे बाप फोटो खिशात घालायचे आणि पुढच्या वेळी नांदेडला जायचे, तिथल्या फोटोवाल्याकडं जुन्या काचा शिल्लक होत्या म्हणे.

त्यात पेडगावचं लग्न झालं. मोठं घराणं, दोनशे पानं उठलेली, आणि नानांनी घामाघूम होऊन फिल्मच्या फिल्म संपवली. मी बरोबर होतो, कोट घेऊन. प्रत्येक फोटोला नाना डोळा लावत, भिंगावरची टोपी काढत, "राम" म्हणत, टोपी लावत आणि फिल्म पुढं सरकवत. मला काही वावगं वाटलं नाही, इतकी वर्षं हेच तर बघत आलो होतो. दुकानात येऊन फिल्म धुतली तर सगळी कोरी! नाना पाटावर बसले, ते बसलेच. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "कळ! कळ कुटं दाबली मी?" नव्या कॅमेऱ्याची कळ दाबल्याशिवाय आतला पडदा उघडत नाही, दुकानात नाना आठवणीनं ती दाबायचे, पण लग्नाच्या गडबडीत हाताला जुनंच वळण, टोपी म्हणजेच कळ. पेडगावकरांची समजूत घालायला मीच गेलो. काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर नानांनी तो कॅमेरा फडताळात ठेवून दिला. "आता पुरे," म्हणाले. दुकानाचं दार उघडायचे, झाडलोट करायचे आणि माझ्या मशीनपाशी येऊन बसायचे. मी बोलत राहायचो, ते हं हं करायचे.

त्याच थंडीत वहिनींनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नानांना बाजूला नेऊन सांगितलं, पण वहिनींना सांगायची गरज नव्हती. एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि नानांच्या देखत म्हणाल्या, "भाऊजी, त्यायला म्हनावं तो ल्हान डब्बा काढा. त्याच्यात पेन्सिल चालत न्हाई म्हनं. आता बसते मी फोटूला."

नाना म्हणाले, "बरी हो आधी. मग काढू."

"आवं, बरी झाल्यावर कशाला बसू? तवा भाकरी कोन करील?"

अंगणात ऊन आलं होतं. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला, कुंकू लावलं, आणि सरळ नानांकडं बघत बसल्या. नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, परत लावला, परत खाली घेतला. या माणसानं हजारो माणसं कापडाआडून बघितली होती. आता आड काहीच नव्हतं आणि समोर बायको सुलटी बसली होती. त्यांचे डोळे भरून आले.

"काय बगायलाव?" वहिनी म्हणाल्या. "कदी बगितली न्हाई का?"

"न्हाई," नाना म्हणाले, "अशी न्हाई बगितली." आणि कळ दाबली.

फोटो आगपेटीएवढा निघाला. वहिनींनी तो उजेडाकडं धरला. गाल, कपाळ, नाक, सगळे वण जागच्या जागी. कितीतरी वेळ त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "हां. आले बगा मी." नानांचा चेहरा त्या दिवशी बघायला पाहिजे होता! लगेच वहिनींनी हुकूम सोडला, "हा मोटा करून भिंतीला लावा. पर हाय अशीच. शपत हाय माजी." नाना हो म्हणाले. पुढं थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या.

फोटो मोठा करायचं यंत्र परभणीत नव्हतं. नानांनी फिल्म हैदराबादच्या एका जुन्या धंदेभावाकडं पाठवली. तेरावं झालं, आणि त्याच आठवड्यात वहिनींचा धाकटा भाऊ विठ्ठल, पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होता तो, पार्सल सोडवून घेऊन आला. दोरी तोडली, कागद काढला, आणि विठ्ठल हुंदका देऊन म्हणाला, "आगं बाई! ताई केवढी देखनी दिसायलीय!"

खरंच दिसत होती. गाल नितळ, कपाळ लख्ख. हैदराबादच्या त्या भल्या माणसानं धंद्याची रीत पाळली होती. स्नेह्याची बायको, वारलेली, मग तोंडावरचे वण ठेवायचे कसे? न सांगता, जादा काही न घेता, त्यानं मोठ्या केलेल्या फोटोवर कुंचला फिरवून सगळे काढून टाकले होते. नानांनी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं!

नानांनी फोटो बघितला आणि भिंतीला टेकवून ठेवला. पाहुणे वाहवा करत होते. मी हळूच म्हणालो, "नाना, परत पाठवू. चिठ्ठी लिहू, जसा आहे तसा करा म्हणून."

"नको," नाना म्हणाले. "परक्याचा हात नको आता तिच्या तोंडाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर नाना खिडकीशी बसलेले, मांडीवर फळी, फळीवर तो मोठा फोटो, हातात तीच सुईसारखी पेन्सिल. कागद खरखरीत होता, पेन्सिल धरत होता. काचेवर ठिपका दिला की वण जातो. कागदावर दिला की उमटतो. नाना वण उमटवत होते. आगपेटीएवढा फोटो शेजारीच ठेवला होता, पण मी उभा होतो तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही. पेन्सिल कपाळावरून गालावर आली, गालावरून कानाच्या पाळीकडं गेली, कुठंही न अडखळता. आणि बघता बघता त्या गोऱ्यागोमट्या बाईतून आमच्या वहिनी वर येऊ लागल्या. मी दारालाच धरून राहिलो.

एवढ्यात विठ्ठल आत आला. फोटो बघून त्याचा आवाज चढला. "दाजी! आवं काय केलाव हे? एवढा चांगला फोटू बिगडवलाव! आना हिकडं, भिंतीला लावतो, आता आनखी हात लावू नका त्याला!"

त्यानं फोटो घ्यायला हात पुढं केला. नानांनी मान वर केली नाही. डाव्या हातानं त्याचा हात हलकेच बाजूला सारला आणि म्हणाले, "दम धर, विठ्ठल. डाव्या भुवईखालचा एक ऱ्हायलाय."