उशिरा पडणारा ठोका

मी वसईत नोकरी करतो आणि लग्नसराईत आमच्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवतो. हळदीला लोकांना नाचवायचं, एवढंच आमचं काम. वाजवायला मी कुणाकडे शिकलो नव्हतो. मग उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, वाजवणं बंद करा, नाहीतर नीट शिकून घ्या. मी शिकायचं ठरवलं.

नायगावला खाडीकडच्या एका टॉवरमध्ये एक तरुण मुलगी ड्रम शिकवायची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. शेजाऱ्यांच्या तक्रारी नकोत म्हणून शिकवणी रबरी पॅडवर चाले. पहिल्याच दिवशी तिने माझी काठ्या धरायची पद्धत मोडून काढली. मग टिकटिक करत ताल मोजणारा मेट्रोनोम लावला आणि माझा दुसरा ठोका उशिरा पडतो असं सांगितलं. मी म्हणालो, आजवर कुणी काही बोललं नाही. ती म्हणाली, लग्नात लोक कशाला बोलतील.

पावसाळा संपेपर्यंत ठोका जागेवर आला. खांदाही दुखायचा थांबला. त्यानंतरची पहिली हळद अर्नाळ्याला, कोळ्यांच्या घरी होती. मी एकही चूक केली नाही. दुसऱ्या गाण्याला बायका खाली बसल्या. तिसऱ्याला पुरुष जेवणाचं कुठवर आलंय ते बघायला गेले. आमच्या बेंजोवाल्याला वाटलं स्पीकर बिघडला, तो वायरी तपासत बसला. नवऱ्याची आत्या माझ्याजवळ आली.

“तुला बरं नाय का रं? ताप हाय काय?”

मी नाही म्हणालो. “मग पानी पी,” म्हणत तिने तांब्या पुढे केला. मी प्यालो.

हे मी मॅडमला सांगितलं. तिने आमच्या जुन्या हळदीचा व्हिडिओ मागितला आणि मोबाइल कानाशी धरून तीनदा ऐकला.

“काका, ही चूक नव्हती,” ती म्हणाली. “ठोका दर वेळी तेवढाच उशिरा येतोय. मी नको ते दुरुस्त केलं.”

मग आम्ही दोघांनी तो तसा वाजवून पाहिला. तिला लगेच जमला. मला तो मुद्दाम आणता येईना. पुढचे काही आठवडे ती मला माझाच ठोका शिकवत होती आणि मी घरी त्याचा सराव करत होतो. बायकोने विचारलं, हे तुम्ही आधी वाजवत होता ना. मी हो म्हणालो.

उमेळ्याच्या हळदीला मी तिला सोबत नेलं. सुरुवातीला लोक नुसते उभे होते. मग घरच्या मुलींनी तिला ओढून नाचायला नेलं. तिला नाचता येत नव्हतं. ती आकडे मोजत नाचत होती, ते ओठांवरून कळत होतं. ती पडेल की काय अशी मला काळजी वाटली. दुसऱ्या ठोक्याला तिचा पाय टेकेपर्यंत माझा हात थांबायला लागला. थोड्या वेळाने म्हाताऱ्याही उठल्या. बेंजोवाल्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि गाणं लांबवलं. शेवटी नवरीच्या वडिलांनी जेवण थंड होतंय असा निरोप पाठवला, तेव्हा आम्ही थांबलो.

जेवताना तिने विचारलं, पुढच्या वेळी मी वाजवू का. बेंजोवाला म्हणाला, काकांना विचारा. मी तिला रविवारी तालमीला बोलावलं. आता एक गाणं ती वाजवते, एक मी. यंदा पाचूबंदरहून हळदीसाठी फोन आला, तेव्हा त्यांनी आधी तिला जमेल का ते विचारलं.