पंधरा वर्षांनंतरचा प्रश्न

आमच्या कृषी संशोधन केंद्राला वरून पत्र आलं: आज कुणाच्या ध्यानीमनी नाहीत, पण पंधरा वर्षांनी छळतील, असे प्रश्न लोकांकडून गोळा करा. पुढचं संशोधन कशावर करायचं, ते त्यावरून ठरणार होतं. प्रत्येक तालुक्यातून एकच प्रश्न, तोही मतदानानं. आम्हाला उद्याच्या पावसाचाही भरवसा देता येत नाही, पण पत्राला कुणी नाही म्हणत नसतं. माझ्या वाट्याला मंगरुळपीर आला.

शेलूबाजारजवळच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना समाजमंदिरात बसवलं. कुणाला काही सुचेना, म्हणून मी एक उदाहरण दिलं: हळदीवर पुढं एखादा नवाच रोग आला तर? मग लोक बोलू लागले. दोडके लावणारी एक मावशी म्हणाली, "दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलते. पहिले त्याच्यावर पतंगावानी बारीक पाखरं येत. आता येतच नाहीत. मी हातानं एक फूल दुसऱ्या फुलाले लावतो, तवा दोडका धरते. पाखरं काहून येत नाहीत, हे पाहा. माहे हात थकले तं मले वाडी सोडा लागन."

पत्रात मागितलेला प्रश्न हाच होता.

सगळे प्रश्न कागदांवर लिहून मांडले, प्रत्येकाशेजारी वाटी ठेवली आणि माणशी तुरीचा एक दाणा दिला. माझ्या उदाहरणाचा कागदही उत्साहात तिथंच ठेवला. सगळे दाणे त्याच वाटीत पडले. मावशीचासुद्धा.

"तुमचा दाणा तिकडं कशाला टाकला?" मी वैतागले.

"मॅडम, तुमी वाशिमहून इतक्या उनात आल्या. पाहुण्याची वाटी रिकामी ठेवतेत काय?"

पुन्हा मतदान घ्यायला हवं होतं. पण जेवणाची वेळ झाली होती आणि पद्धत तर काटेकोर पाळली होती. 'एकमताने' असं लिहून मी हळद पाठवून दिली. ती मंजूर झाली आणि काम माझ्याकडंच आलं.

आता मी न आलेला रोग शोधत हिंडते. परवा संध्याकाळी मावशीच्या वाडीवर गेले. ती वेलाशी वाकून फुलाला फूल लावत होती.

"तुमचा सवाल पास झाला म्हणे," ती खुशीत म्हणाली. "माह्यावाला कवा घेसान?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाप मारता आली असती. "पुढची बैठक पाच वर्षांनी आहे, मावशी."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या वेलाकडं सरकली. "तवरोक मी लावतो."