निर्माल्यातली गोळी

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात कॅन्सरच्या उपचाराची यंत्रं बनत. तिथले स्टोअरकीपर वेंगुर्ल्याकडचे. कुठलीही वस्तू देताना आधी ती कपाळाला लावत, मग हातात देत, साधा स्क्रूसुद्धा. खंडेनवमीला तर स्टेपलरलाही कुंकू. एका वर्षी त्यांनी शिशाची डबी उघडून आतल्या किरणोत्सारी गोळीलाही झेंडू वाहिला. संध्याकाळी फुलं गोळा करताना तांदळाएवढी ती गोळीही त्यांत गेली. निर्माल्य कचऱ्यात टाकलेलं त्यांना खपत नसे, म्हणून पोतं स्वतःच खाडीत सोडून आले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर डबी रिकामी दिसली. कुणी विचारायच्या आत ते म्हणाले, "मीच उघडली."

ओहोटीला पोतं चिखलात रुतलेलं सापडलं. किरण मोजायचं मीटर आणि लांब चिमटा घेऊन मी पुढे निघालो, तर त्यांनी दोन्ही काढून घेतलं.

"तू हयच रव रे. माजी पोरां झाली. तुजी होवची आसत."

गोळी मिळाली. सोमवारी त्यांनी पेढे वाटले. माझा पेढा नेहमीसारखा कपाळाला लावून पुढे केला.

"आज उपास आहे," मी म्हणालो.

पेढा उपासाला चालतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.